वंचित मुलांची रंगभूमी आणि बोलीचा प्रश्न

१

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त सहाव्या अंकाच्या आरंभी रोहसेन नावाचा एक लहान मुलगा रडत रंगमंचावर येतो. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी तो खेळलेला आहे. ती गाडी परत गेली, आणि दासी रदनिकेने तिच्या जागी मातीची गाडी करून दिली. तिने त्याचे समाधान होत नाही. पुढे वसन्तसेना आपले अलंकार उतरवून त्या गाडीत भरते, ही कथा सर्वपरिचित आहे. नाटकाला नाव मिळाले ते याच गाडीवरून.

या प्रसंगाचे रसग्रहण बहुधा वसन्तसेनेच्या वात्सल्याच्या अंगाने केले जाते. त्यातील भाषेच्या योजनेकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. पृथ्वीधराने आपल्या टीकेत या नाटकातील पात्रांच्या भाषांची वाटणी दिली आहे. तीनुसार रोहसेन मागधी बोलतो. पित्याचे संस्कृत त्याच्या वाट्याला आलेले नाही, आणि रदनिका व वसन्तसेना यांची शौरसेनीही आलेली नाही. संवाहक, भिक्षू आणि तीन चेट यांच्या पंक्तीत नाटककाराने त्याला बसविले आहे. मूल आणि सेवक यांची वाणी एकाच पायरीवर ठेवण्याचा हा संकेत नाट्यशास्त्रातील भाषाविधानाशी सुसंगतच आहे. रंगमंचावर कोणी कोणत्या भाषेत बोलावे हा प्रश्न भारतीय नाट्यविचाराने फार प्राचीन काळी ओळखला होता, आणि त्याचे उत्तर सामाजिक दर्जाच्या आधारे दिले होते, एवढी गोष्ट येथे लक्षात घ्यावयाची.

मुलाला काय द्यावे आणि मुलाने कोणत्या वाणीत बोलावे, हे दोन प्रश्न त्या छोट्या प्रसंगात एकत्र आले आहेत. वंचित मुलांपर्यंत कला पोहोचविण्याविषयी मराठीत जी चर्चा होते, ती बहुतांशी पहिल्याच प्रश्नापाशी थांबते. नाट्यगृह, तिकीट, शिबिर, शिष्यवृत्ती, मार्गदर्शक यांचा हिशेब मांडला की काम पुरे झाले, अशी समजूत दिसते. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या आणि भारताने १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्क संहितेच्या एकतिसाव्या कलमात मुलाच्या ज्या हक्काचा उल्लेख आहे, तो मात्र कलेचा केवळ लाभ घेण्याचा हक्क नव्हे. सांस्कृतिक व कलात्मक जीवनात सहभागी होण्याचा तो हक्क आहे. लाभ दुसऱ्याच्या भाषेत घेता येतो. सहभाग स्वतःच्या वाणीवाचून संभवत नाही. मराठी बालरंगभूमीच्या साठांहून अधिक वर्षांच्या वाटचालीकडे या भेदाच्या प्रकाशात पाहिले असता काय दिसते, याचा विचार पुढे केला आहे.

२

सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर' ही बालरंगभूमी सुरू केली आणि रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' हे नाटक रंगमंचावर आणले. त्यापूर्वीही मराठीत मुलांची नाटके होती. परंतु ती बहुशः शाळेच्या स्नेहसंमेलनापुरती लिहिलेली, बोधप्रधान आणि नेपथ्याच्या दृष्टीने कामचलाऊ असत. मुलांसाठी केलेले नाटक मोठ्यांच्या नाटकाइतक्याच व्यावसायिक काटेकोरपणाने केले पाहिजे, हा विचार रुजविण्याचे श्रेय या उपक्रमाला द्यावे लागते. मतकरी यांनी पुढे १९६२ मध्ये 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था काढली, आणि 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' अशा नाटकांनी दोन-तीन पिढ्यांचे बालपण समृद्ध केले. 'अलबत्या गलबत्या' २०१८ मध्ये नव्या संचात रंगमंचावर आले, तेव्हाही चिंची चेटकिणीला मिळालेला प्रतिसाद पाहता या लेखनाची टवटवी ओसरलेली नाही हे मान्य करावे लागते.

या टवटवीचे एक कारण भाषिक आहे. 'अलबत्या गलबत्या' किंवा 'निम्मा शिम्मा' ही नावे ज्या रचनेवर उभी आहेत, ती मराठीतील प्रतिध्वनिशब्दांची रचना होय. शब्दाचे पहिले व्यंजन बदलून त्याचा पडसाद उमटवावयाचा आणि अर्थापेक्षा नादाला पुढे करावयाचे, ही लकब 'शाळाबिळा', 'पाणीबिणी' अशा रोजच्या बोलण्यात जशी आहे, तशीच मुलांच्या मौखिक खेळांतही आहे. ती कोणत्याही एका वर्गाच्या किंवा प्रदेशाच्या मालकीची नाही. वऱ्हाडी, खानदेशी, आगरी, मालवणी अशा सर्व बोलींत ती नांदते. म्हणजे या नाटकांच्या कल्पनासृष्टीचे मूळ मौखिक परंपरेत आहे, आणि त्या अर्थाने ती कोणत्याही मुलाला परकी वाटण्याचे कारण नाही.

तथापि ही सृष्टी प्रत्यक्षात ज्या मुलांपर्यंत गेली त्यांचा वर्ग ठरलेला होता. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत होणारे प्रयोग, शहराच्या मध्यवस्तीतील नाट्यगृहे आणि मुलाबरोबर एका मोठ्या माणसाचेही तिकीट काढण्याची आवश्यकता, या तीन गोष्टींनीच प्रेक्षकवर्गाची निवड होऊन जात असे. ज्या घरात सुट्टी म्हणजे गावी जाण्याचा किंवा आईच्या हाताखाली काम करण्याचा काळ असतो, त्या घरातील मूल त्या प्रेक्षागृहात येणे कठीणच होते. हा दोष नाटककाराचा नव्हे. व्यावसायिक रंगभूमीच्या अर्थव्यवस्थेचा तो परिणाम होय. परंतु त्याचा एक वाङ्मयीन परिणामही झाला. समोर कोण बसणार हे निश्चित असल्यामुळे संवादांचा पोत त्या श्रोत्यांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या मराठीचाच राहिला. राक्षस, चेटकीण, राजा आणि विदूषक हे सारे शहरी सुशिक्षित मराठीच्या विविध छटांत बोलतात. बोलीचा प्रवेश झाला तर तो शिपाई, गडी, मोलकरीण अशा पात्रांच्या मुखाने, आणि बहुधा हशा पिकविण्यासाठी.

हा संकेत मोठ्यांच्या रंगभूमीवरूनच मुलांच्या रंगभूमीवर आला. 'मृच्छकटिका'तील शकाराच्या विकृत उच्चारांनी जे कार्य केले, तेच आधुनिक मराठी नाटकात गड्याच्या 'पानी' आणि 'आनी' यांनी केले. ज्या मुलाच्या घरी प्रत्यक्षात 'पानी'च म्हणतात, त्याला नाट्यगृहाचे तिकीट फुकट मिळाले तरी आपल्या आईची भाषा तेथे कशासाठी वापरली जाते हे पाहूनच त्याला परत यावे लागते.

३

मुलांच्या नाटकाचा आशय बदलण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९८६ पासून पुण्यात झाला. बर्लिन येथील 'ग्रिप्स' या रंगभूमीचा विचार डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने मराठीत आला. 'छान छोटे वाईट मोठे' यांसारख्या नाटकांनी पऱ्या आणि राक्षस बाजूला ठेवले. घर, शाळा, आईबापांतील ताण, मोठ्यांची दांडगाई आणि मुलांमधील श्रीमंत-गरीब हा भेद, असे विषय त्यांनी रंगमंचावर मांडले. मुलांच्या भूमिका प्रौढ नट करतात, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. मुलाला गोंडस खेळणे म्हणून न दाखविता विचार करणारी व्यक्ती म्हणून दाखविण्यासाठी ही योजना केलेली असते, आणि ती सयुक्तिक आहे.

आशयाच्या दृष्टीने हे पाऊल मोठे होते. गरीब मुलाचे दुःख आता नाटकाचा विषय होऊ शकत होते. परंतु विषय होणे आणि वक्ता होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. मुलाची बाजू घेणारा प्रौढ नट मुलाच्या वतीने बोलतो, आणि वतीने बोलणाऱ्याची भाषा, कितीही सहानुभूती असली तरी, अखेर त्याचीच असते. ग्रिप्सच्या मराठी अवतारातील संवाद चटपटीत आणि जिवंत आहेत. मात्र त्यांतील मुलांची मराठी ही प्रामुख्याने शहरातील शाळकरी मुलाची मराठी आहे. या रंगभूमीचे श्रेय कमी करण्यासाठी हे म्हटलेले नाही. तिने एक दार उघडले. ज्या दारातून मूल स्वतः बोलत आत येईल ते दार वेगळे होते, इतकेच.

४

ते दार उघडण्याचा प्रयत्न बालरंगभूमीच्या आद्य नाटककारानेच आपल्या उत्तरायुष्यात करावा, ही घटना मराठी नाट्येतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. २०१४ च्या सुमारास, वयाच्या पंचाहत्तरीच्या आसपास, रत्नाकर मतकरी यांनी ठाणे येथील समता विचार प्रसारक संस्थेच्या साहाय्याने 'वंचितांचा रंगमंच' ही कल्पना प्रत्यक्षात आणली. शहरातील झोपडवस्त्यांमधील मुलांनी गट करावेत, विषय स्वतः निवडावेत, नाटिका स्वतः रचाव्यात व सादर कराव्यात, आणि रंगभूमीवरील जाणत्या मंडळींनी त्यांना केवळ साहाय्य करावे, असे या उपक्रमाचे स्वरूप होते. या नाटिका 'नाट्यजल्लोष' या नावाने एकत्र सादर होऊ लागल्या. १७ मे २०२० रोजी मतकरी यांचे निधन झाले. त्यानंतरही हे कार्य थांबले नाही.

पाच दशकांपूर्वी ज्या लेखकाने मुलांना सिद्ध संहिता दिली, त्यानेच आता संहिता देण्याचे टाळले. मुलाला नाटक द्यावयाचे, या भूमिकेपासून मुलाकडून नाटक घ्यावयाचे, या भूमिकेपर्यंतचा हा प्रवास आहे. त्याचे मोल केवळ समाजसेवेच्या परिभाषेत करणे म्हणजे त्यातील वाङ्मयीन निर्णयाकडे डोळेझाक करणे होय. संहिता न देणे हा लेखकाच्या दृष्टीने मोठा त्याग असतो, कारण तीबरोबर भाषेवरील अधिकारही सोडावा लागतो.

या निर्णयाला परंपरेचा आधारही आहे. तमाशातील वगाचे संवाद पूर्वी संपूर्ण लिहिलेले नसत. कथेचा सांगाडा ठरलेला असे आणि बोलणे नट उभ्याउभ्या रचीत. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डक प्रभृतींच्या आंबेडकरी जलशांनी या पद्धतीचा उपयोग विचारप्रसारासाठी केला. शाळेची पायरी जवळजवळ न चढलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाला लोकनाट्याचे रूप दिले ते याच वाटेने. ज्यांना 'वंचित' म्हणावयाचे त्यांच्या हाती कला प्रथमच दिली जात आहे, हा समज म्हणूनच इतिहासाला धरून नाही. त्यांच्या हाती ती होतीच. नाट्यगृह, छापील संहिता आणि प्रमाण उच्चार या तीन अटी तिच्यावर लादल्या गेल्या, तेव्हा ती त्यांच्या हातून निसटली.

वस्तीतील मुलांना भाषाच नसते, त्यांचा शब्दसंग्रह तोकडा असतो, म्हणून त्यांना आधी बोलावयास शिकवावे व मग रंगमंचावर न्यावे, असे एक मत सुशिक्षितांत दृढ आहे. भाषाविज्ञानाने या मताची परीक्षा पूर्वीच केलेली आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील आठ वर्षांच्या एका मुलाची हकिकत दिली आहे. औपचारिक मुलाखतीत हा मुलगा एकेका शब्दात उत्तरे देत होता किंवा गप्प राहत होता. मुलाखत घेणारा गृहस्थ त्याच वस्तीत वाढलेला आणि त्याच वंशाचा होता, तरी काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या वेळी तो खाऊ घेऊन गेला, मुलाच्या मित्राला बरोबर घेतले, स्वतः जमिनीवर बसला आणि सभ्यतेबाहेरचे मानलेले शब्द प्रथम आपणच उच्चारले. तेव्हा तोच मुलगा मित्राशी अहमहमिकेने, अखंड बोलू लागला. उणीव भाषेत नव्हती, प्रसंगात होती, हा लबॉव यांचा निष्कर्ष.

तालमीच्या जागेला हा निष्कर्ष तंतोतंत लागू पडतो. मार्गदर्शक खुर्चीवर, मूल उभे आणि हाती छापील कागद, ही मांडणी परीक्षेची आहे. तीत मुलाने अडखळावे हे स्वाभाविक होय. वस्तीतल्या जमिनीवर, मित्रांच्या घोळक्यात, रोज पाहिलेल्या भांडणाची नक्कल करताना तेच मूल रेशनच्या दुकानदाराची खोचक अदब, शिक्षकाची पुस्तकी मराठी, हवालदाराची मराठीमिश्रित हिंदी आणि आजीची गावाकडची बोली एकामागून एक काढून दाखविते. इतक्या भाषारूपांवर ज्याचा ताबा आहे त्याला भाषादरिद्री म्हणणे हे निरीक्षकाच्या दारिद्र्याचे लक्षण आहे. प्रमाण मराठीच्या एकाच वर्तुळात वाढलेल्या मुलापाशी एवढे वैविध्य सहसा नसते. ठाणे परिसरात आगरी बोली, घाटावरून व मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांच्या बोली आणि उत्तरेकडील कुटुंबांच्या हिंदीची रूपे एकाच गल्लीत नांदतात. नाटककाराच्या दृष्टीने ही संपत्ती होय.

उच्चाराच्या प्रश्नाचाही येथेच विचार केला पाहिजे. अनेक मराठी बोलींत 'ण' आणि 'न' हा भेद नाही. आगरीत 'ळ'च्या जागी 'ल' येतो. बालनाट्याच्या तालमीत या उच्चारांना 'अशुद्ध' म्हणून दुरुस्त करण्याकडे कल असतो. वास्तविक 'शुद्ध' हा शब्द येथे अस्थानी आहे. 'प्रमाण' आणि 'प्रमाणेतर' एवढाच भेद शास्त्राला मान्य आहे. परंतु शास्त्रीय आक्षेपापेक्षा अभिनयाच्या दृष्टीने येणारा आक्षेप अधिक गंभीर आहे. संवादाचा भाव मुख्यतः सुरावली, आघात आणि विराम यांतून पोहोचतो. ज्याच्या बोलीत 'ण' नाही त्या मुलाला प्रत्येक 'ण' सांभाळावयास लावले, म्हणजे त्याचे सारे अवधान एकेका व्यंजनावर खिळते. वाक्याचा सूर सपाट होतो आणि विराम चुकीच्या जागी पडतो. 'मुलांना अभिनय येत नाही' असा शेरा मग मारला जातो. 'पाणी' हा उच्चार मिळाला, पण तहान गेली, अशी अवस्था होते. वाचिक अभिनयाचे मूल्यमापन उच्चारापासून सुरू करणारी पद्धती वाचिकाचा प्राणच प्रथम काढून घेते.

५

येथवरचे विवेचन बोलीच्या बाजूचे आहे. परंतु बोलीला रंगमंच मिळाला की सर्व काही साधले, असे मानणे हीदेखील दिशाभूलच ठरेल. वंचित मुलांच्या नाटकापुढे तीन अडचणी उभ्या आहेत, आणि त्यांची चर्चा सहानुभूतीपोटी टाळणे हा त्या नाटकाचा अपमान होय.

पहिली अडचण प्रौढांच्या अदृश्य हाताची. वस्तीतील मुलांच्या पथनाट्यांत आणि नाटिकांत एक गोष्ट सर्रास आढळते. नाटक बोलीत सुरू होते, भांडणे आणि विनोद बोलीत रंगतात, आणि शेवटच्या प्रवेशात एखादे पात्र पुढे येऊन एकदम 'व्यसनमुक्ती', 'निर्धार', 'समाजपरिवर्तन' अशा शब्दांत बोलू लागते. भाषेचा सांधा या ठिकाणी उघडा पडतो. मुलाने रचलेले कोठे संपले आणि मोठ्यांनी सुचविलेले कोठे सुरू झाले, हे ओळखण्यास याहून विश्वसनीय खूण नाही. बोध वाईट असतो असे नव्हे. पण तो ज्या भाषेत उतरतो ती मुलाची नसेल, तर बोधही त्याचा नसतो. दारू पिणाऱ्या बापाविषयी त्या मुलाला जे खरोखर म्हणावयाचे आहे, त्यात राग, भीती, माया आणि लाज यांचे मिश्रण असते. ते घोषणेत मावत नाही. मार्गदर्शकाची कसोटी लागते ती अशा वेळी शेवट न सुचविता थांबण्यात.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. वंचित मुलांची नाटके बहुतांशी व्यसन, पाणी, अस्वच्छता, मुलींचे शिक्षण, घरातील मारहाण याच विषयांभोवती फिरतात. हे विषय त्यांच्या जगण्यातून आलेले आहेत यात शंका नाही. तथापि सुखवस्तू मुलाला राक्षस, राजकन्या आणि उडता गालिचा, आणि झोपडीतल्या मुलाला मात्र नळावरचे भांडण, अशी वाटणी जर रंगभूमीवर स्थिर झाली, तर वंचनेचा तो एक नवाच प्रकार ठरेल. आपले दुःख सांगण्याचा हक्क मिळाला, पण दुःखाखेरीज दुसरे काही सांगण्याचा हक्क नाही, असा त्याचा अर्थ होईल. रोहसेनाला सोन्याची गाडी हवी होती, हे विसरता येत नाही. त्याची ती इच्छा हास्यास्पद नव्हती, अनैतिकही नव्हती. कल्पनेच्या चैनीवर सर्व मुलांचा सारखाच अधिकार आहे. मतकरी यांच्या राक्षसांची नावे मौखिक परंपरेतून आली असल्याचे वर दाखविले आहे. त्या राक्षसाने आगरीत किंवा वऱ्हाडीत गर्जना करावयास भाषेची कोणतीच अडचण नाही. मतकरी यांच्या कारकिर्दीचे दोन भाग, पूर्वार्धातील अद्भुत आणि उत्तरार्धातील वस्तीचे वास्तव, एकमेकांच्या विरोधी म्हणून वाचणे चुकीचे आहे. ते परस्परांना पूरक ठरू शकतात. ते एकत्र आणण्याचे काम मात्र अद्याप पुरतेपणी झालेले नाही.

तिसरी अडचण प्रमाणभाषेची. बोलीचा पुरस्कार करताना प्रमाणभाषा नाकारली, तर मुलापुढील पुढचे सर्व दरवाजे बंद होतात, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. शाळा, कचेरी, नाट्यस्पर्धा, आकाशवाणी आणि व्यावसायिक रंगभूमी येथे प्रमाण मराठीच चालते, आणि ती न येणे म्हणजे दाराबाहेर राहणे, हे वास्तव आहे. मुलाला त्याच्या बोलीच्या अभिमानात बंदिस्त करून त्याच्या प्रगतीची वाट अडविण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु या आक्षेपाचे उत्तर रंगभूमीपाशीच आहे. वर्गात प्रमाणभाषा दुरुस्तीच्या रूपाने येते. मूल बोलते आणि त्याचे बोलणे चुकीचे ठरते. रंगमंचावर ती भूमिकेच्या रूपाने येऊ शकते. कलेक्टरची, डॉक्टरची किंवा वकिलाची भूमिका करणारे मूल प्रमाण मराठी जशीच्या तशी उचलते, कारण ती त्या पात्राचा वेष असते. राजाचा मुकुट घालताना स्वतःचे डोके काढून ठेवावे लागत नाही, तद्वत ही भाषा धारण करताना घरची भाषा टाकावी लागत नाही. प्रयोग संपल्यावर वेष उतरतो, पण तो वापरण्याची सवय अंगी राहते. प्रमाणभाषा प्रथम अट म्हणून न घालता भूमिका म्हणून द्यावी, हा क्रम पाळला तर बोली आणि प्रमाणभाषा यांतील कल्पित वैर उरत नाही.

या तिन्ही अडचणींच्या मुळाशी प्रेक्षकांचाही भाग आहे. वस्तीतील मुलांचा प्रयोग शहरातील नाट्यगृहात होतो, तेव्हा ज्या वाक्यात विनोद नाही तेथे केवळ उच्चारामुळे हशा येण्याचा संभव असतो. दीर्घकाळ बोलीचा वापर हास्यासाठी केल्याचा तो परिणाम होय. असा हशा एकदा आला की रंगमंचावरील मूल दुसऱ्या क्षणापासून त्या हशासाठी बोलू लागते, आणि जे सांगावयाचे होते ते मागे पडते. नट तयार करणे सोपे आहे. ऐकणारा कान तयार करणे कठीण आहे. आणि ते काम वस्तीत नव्हे, तर नाट्यगृहाच्या पुढच्या रांगांत करावयाचे आहे.

६

वरील विवेचनावरून एक निकष मांडता येतो. वंचित मुलांसाठी चाललेल्या कोणत्याही कलाविषयक उपक्रमाकडे पाहताना किती मुले आली हे विचारणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. त्या मुलांना प्रेक्षक म्हणून जागा मिळाली की पात्र म्हणून, आणि पात्र म्हणून मिळाली असल्यास त्यांच्या मुखातील वाक्य कोणाचे होते, हेही विचारावे लागते. १९५९ च्या रंगभूमीने मुलाला प्रेक्षक म्हणून प्रतिष्ठा दिली. १९८६ नंतरच्या रंगभूमीने त्याच्या प्रश्नांना प्रतिष्ठा दिली. त्याच्या वाणीला प्रतिष्ठा देण्याचे काम आता कोठे सुरू झाले आहे. हे तीन टप्पे एकमेकांना रद्द करणारे नाहीत. मात्र तिसऱ्यावाचून पहिले दोन अपुरे राहतात.

या तिसऱ्या टप्प्याबाबत विद्यापीठांतील मराठी विभागांवरही एक जबाबदारी येते. व्यावसायिक बालनाट्यांच्या संहिता छापल्या गेल्या, त्यांचा अभ्यास करता येतो. वस्त्यांतील मुलांनी उभ्याउभ्या रचलेली नाटके प्रयोग संपताच विरून जातात. त्यांचे ध्वनिमुद्रण व्हावे, बोलीच्या उच्चारांसह लेखन व्हावे, एकाच नाटिकेच्या पहिल्या तालमीतील आणि अखेरच्या प्रयोगातील संवादांची तुलना व्हावी, आणि त्या दोहोंमध्ये भाषा कोठे व कोणाच्या सांगण्यावरून बदलली हे तपासले जावे. बोलींच्या अभ्यासाला, नाट्यसमीक्षेला आणि समाजभाषाविज्ञानाला सारखेच उपयोगी पडेल असे हे साधन आहे. हे काम करताना एक पथ्य मात्र पाळावे लागेल. मुलाला भाषेचा नमुना म्हणून नव्हे, तर नाटकाचा कर्ता म्हणून नोंदवावे, आणि त्याच्या नाटकाची चिकित्सा इतर कोणत्याही नाटकाच्या चिकित्सेइतक्याच काटेकोरपणे करावी. कौतुकाची थाप देऊन विषय संपविणे ही या मुलांची उपेक्षा करण्याची सर्वांत सभ्य रीत आहे.

'मृच्छकटिका'त वसन्तसेनेने गाडीत भरलेले अलंकार पुढे नवव्या अंकात न्यायसभेत प्रकट होतात आणि चारुदत्ताच्या विरुद्ध पुरावा ठरतात. देणाऱ्याचा हेतू निर्मळ होता, तरी दिलेली वस्तू त्या घराची नव्हती, म्हणून ती त्या घराला बाधली. रदनिकेने केलेली मातीची गाडी मात्र त्या घरचीच होती, त्याच अंगणातील मातीची. ती आणखी चांगली कशी घडवावी, हे त्या मुलाला कोणी दाखविले नाही. दहाव्या अंकात वधस्थानाच्या वाटेवर, पित्याला सोडा आणि मला मारा असे चांडाळांना सांगणारा रोहसेन पुन्हा दिसतो, आणि तेव्हाही तो आपल्या मागधीतच बोलतो. त्या वेळी सभेत कोणी हसत नाही.